४२९४९६७२९७ : एका संख्येत शिरण्याच्या अनेक वाटा

शेषबाकी (धागाकर्ता)

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ चा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ही संख्या येते. मला ती फार आवडते. दहा अंकी आहे, म्हणजे कागद-पेन्सिलीच्या आवाक्यातली, आणि तरीही एका थोर गणितीचा अंदाज हिच्यापाशीच चुकला.

फर्माने १६४० च्या पत्रांत एक मत मांडलं होतं. २^१+१, २^२+१, २^४+१, २^८+१, २^१६+१ अशी घातांक दुप्पट करत जाणारी रांग घ्या, तिच्यात येणारी प्रत्येक संख्या मूळ असते. पहिल्या पाच संख्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि त्या पाचही खरोखर मूळ आहेत. (धाग्यात त्यांना फ(०) ते फ(४) म्हणू या.) याची सिद्धता आपल्याकडे नाही, हे त्याने पत्रांत स्पष्ट लिहिलं होतं. सहावी फ(५) म्हणजे आपली ही संख्या, आणि रांग इथेच तुटते:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

डिसेंबर १७२९ मध्ये गोल्डबाखने पत्रातून ऑयलरला विचारलं की फर्माचं हे विधान तुम्हाला माहीत आहे का. ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ हा विभाजक दाखवला. हा आकडा कसा सापडला ते त्या लेखात नाही. त्यामागचा नियम त्याने पुढच्या एका लेखात सिद्ध केला. माझ्या मते त्या नियमाचं मोल ६४१ पेक्षा जास्त आहे, म्हणून तोच आधी सांगतो.

आंधळेपणाने भागत सुटायचं ठरवलं तर ६५५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायची तयारी हवी. त्या साडेसहा हजारांहून जास्त आहेत. सुदैवाने ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे, त्यामुळे ११६ भागाकारांत सुटका होते. पण भागाकाराला बसण्याआधी एक प्रश्न विचारा: या संख्येचा विभाजक असायला मूळ संख्येत कोणता गुण हवा?

समजा प ही मूळ संख्या २^३२+१ ला नि:शेष भागते. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ उरते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो) आणि २^६४ ला भागल्यावर १. आता २ चे घात ओळीने घेऊन प्रत्येकाची बाकी लिहीत गेलं की कुठेतरी १ येतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. त्या चक्राची लांबी ६४ ला भागते, पण ३२ ला भागत नाही, कारण ३२ व्या पायरीवर १ नसून −१ आहे. अशी लांबी एकच, ती म्हणजे पूर्ण ६४. फर्माच्याच छोट्या प्रमेयानुसार २^(प−१) ची बाकी १ येते, म्हणून प−१ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

तर प हा ६४क+१ अशा रूपाचाच असणार. अशा मूळ संख्या लहानापासून लिहा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. बाक्या अनुक्रमे १०९, २, ३२५, २८८ आणि ०. पाचव्या भागाकारात काम होतं.

फर्मा यात कमी पडला असं म्हणायला माझं मन धजत नाही, कारण हीच युक्ती त्याने स्वतः वापरली होती. २^३७−१ चे विभाजक ७४क+१ रूपाचेच असणार हे ओळखून त्याने १६४० मध्येच २२३ हा विभाजक काढला. म्हणजे हत्यार हातात होतं आणि संख्या समोर होती.

या संख्येत शिरायच्या आणखी वाटा ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी कृपया लिहा.

---

पाटीपेन्सिल

मस्त धागा. ६४ चक्राचा भाग दोनदा वाचला आणि कळला. एक शंका आहे. मी वाचलं होतं की विभाजक १२८क+१ रूपाचे असतात. ६४१ तर त्यात बसतो (५ × १२८ + १). मग ६४ बरोबर की १२८?

---

शेषबाकी

@पाटीपेन्सिल, दोन्ही बरोबर. १२८ ची अट जास्त कडक आहे. ती ल्युकाने १८७८ मध्ये दाखवली. आपल्या संख्येपुरती ती आकडेमोडीनेच पटते, कुठलंही जड प्रमेय लागत नाही.

स = २^२४ − २^८ ही संख्या घ्या. तिचा वर्ग करा:

स² = २^४८ − २ × २^३२ + २^१६

यातले पहिले आणि शेवटचे पद एकत्र केले की २^१६ × (२^३२ + १), म्हणजे आपल्या संख्येची पटच. प ने भागताना तो भाग शून्य होतो. उरलं −२ × २^३२ आणि २^३२ ची बाकी −१, म्हणून स² ची बाकी २. थोडक्यात, बाक्यांच्या या जगात २ चं वर्गमूळ स आहे.

आता २ चं चक्र ६४ लांबीचं असेल तर त्याच्या वर्गमुळाचं चक्र १२८ लांबीचं. म्हणून प−१ ला १२८ ने भाग जायला हवा.

याचा फायदा बघा. १२८क+१ रूपात १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ अशा संख्या येतात. त्यांत मूळ दोनच, २५७ आणि ६४१. पैकी २५७ म्हणजे फ(३). २^८ ला २५७ ने भागल्यावर बाकी −१, म्हणून २^३२ ची बाकी १ आणि आपल्या संख्येची २. भागाकार न करताच २५७ बाद झाली. राहिली ६४१. ११६ भागाकारांवरून पाचावर आणि पाचावरून एकावर, निव्वळ विचाराच्या जोरावर!

---

कर्णरेषा

मग तो एक भागाकारही वाचवू या. ६४१ कडे दोन बाजूंनी बघा:

६४१ = ५ × २^७ + १
६४१ = ५^४ + २^४ (६२५ + १६)

पहिल्या ओळीवरून ५ × २^७ ची बाकी −१. दोन्हीकडे चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या ओळीवरून ५^४ च्या जागी −२^४ लिहिता येतं. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने नि:शेष भाग जातो. दहा अंकी संख्या एकदाही लिहावी लागली नाही.

ही सिद्धता पहिल्यांदा वाचली त्या दिवशी दुसरं काहीच सुचत नव्हतं. आजही कुणाला गणिताची गोडी लावायची असेल तर मी हीच दाखवते.

---

दशांशचिन्ह

@कर्णरेषा यांच्या त्या दोन ओळींतून आणखी एक गोष्ट निघते. ती कुणी फारशी सांगत नाही, म्हणून लिहितो.

५^४ ची बाकी −२^४ असेल तर ५^८ ची बाकी २^८. दोन्हीकडे २^८ ने गुणा: १०^८ ची बाकी आणि २^१६ ची बाकी एकच! (करून बघा, दोन्ही वेळा १५४ येते.) पुन्हा वर्ग केला की १०^१६ आणि २^३२ यांचीही बाकी एकच, म्हणजे −१. म्हणून ६४१ ही संख्या १०^१६ + १ लाही भागते आणि १/६४१ च्या दशांश रूपात ३२ अंकांचं आवर्तन येतं:

०.००१५६००६२४०२४९६०९९८४३९९३७५९७५०३९…

पहिले सोळा अंक: ००१५६००६२४०२४९६०
पुढचे सोळा अंक: ९९८४३९९३७५९७५०३९

एकाखाली एक मांडून बेरीज करा, सगळे ९ येतात. पाच-पाच अंकांचे गट पाडले तर १५६, ६२४, २४९६, ९९८४ अशी चौपटीची रांगही दिसते, कारण १००००० ला ६४१ ने भागल्यावर भागाकार १५६ आणि बाकी ४ येते. पुढे चौपट पाच अंकांत मावत नाही आणि हातचा शिरतो, तिथून रांग झाकली जाते.

दोनच्या घातांबद्दलचा प्रश्न दहाच्या घातांत असा उमटतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

---

चौथीबाजू

वाचतोय. वाचनखूण साठवली.

६७००४१७ मूळ आहे हे कसं ठरवायचं पण? तेही हाताने करायचं असेल तर?

---

पाटीपेन्सिल

@चौथीबाजू, मी आत्ताच केलं, वरचाच नियम वापरून! ६७००४१७ चा प्रत्येक मूळ विभाजक आपल्या मोठ्या संख्येचाही विभाजक असणार, म्हणून तोही १२८क+१ रूपाचा. वर्गमूळ २५८८ च्या आसपास आहे, तिथपर्यंत या रूपाच्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या आल्या १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे ६७००४१७ मूळ.

पाच भागाकारांत सात अंकी संख्या मूळ ठरली. मला अजून खरं वाटत नाहीये.

---

वर्गमूळकर

आता माझी आवडती वाट. इथे ब्रह्मगुप्त येतो.

आपली संख्या दोन वर्गांची बेरीज आहे हे उघड आहे: ६५५३६² + १². पण ती आणखी एका रीतीने दोन वर्गांची बेरीज होते:

६२२६४² + २०४४९² = ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१ = ४२९४९६७२९७

(२०४४९ स्वतः १४३ चा वर्ग आहे, हे जाता जाता.)

मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असेल तर ती एकाच रीतीने होते. ऑयलरला हे चांगलं माहीत होतं. दोन रीती सापडल्या की संख्या संयुक्त आहे हे तिथेच ठरतं. इतकंच नाही, त्या दोन रीतींमधून अवयवही बाहेर काढता येतात. वर्गांच्या वजाबाक्या मांडू:

६५५३६ − ६२२६४ = ३२७२
६५५३६ + ६२२६४ = १२७८००
२०४४९ − १ = २०४४८
२०४४९ + १ = २०४५०

३२७२ आणि २०४४८ यांचा मसावि ८. त्याने भागल्यावर ४०९ आणि २५५६ उरतात. १२७८०० आणि २०४५० यांचा मसावि ५०. त्याने भागल्यावर पुन्हा २५५६ आणि ४०९! आता:

४०९² + २५५६² = ६७००४१७
मसाविंच्या निम्म्यांचे वर्ग: ४² + २५² = ६४१

दोन्ही अवयव हातात आले, तेही विभाजक न शोधता. मसावि काढणं आणि वर्ग करणं एवढंच काम.

हे का जमतं? ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात जो नियम दिला त्याच्यामुळे: दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणलं तर गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो आणि तो सहसा दोन रीतींनी मांडता येतो. (२५, ४) आणि (२५५६, ४०९) या जोड्या घ्या:

२५ × २५५६ + ४ × ४०९ = ६३९०० + १६३६ = ६५५३६
२५ × ४०९ − ४ × २५५६ = १०२२५ − १०२२४ = १

चिन्हं उलटी केली की:

६३९०० − १६३६ = ६२२६४
१०२२५ + १०२२४ = २०४४९

१०२२५ आणि १०२२४ यांच्यातलं ते एकाचं अंतर बघा. आपल्या संख्येतला '+१' आला तो तिथूनच.

---

कर्णरेषा

@वर्गमूळकर, ब्रह्मगुप्ताचा नियम मी शेकडो वेळा वापरला आहे, पण या संख्येवर कधी लावून बघितला नव्हता. १०२२५ − १०२२४ पाशी टाळ्या वाजवल्या. धन्यवाद.

---

घातांकी

फर्माच्या छोट्या प्रमेयाचा विषय निघालाच आहे तर तिथला एक सापळा सांगते.

ते प्रमेय म्हणतं की न मूळ असेल तर २^(न−१) ला न ने भागल्यावर बाकी १ येते. उलट दिशेने चाचणी म्हणून ते वापरायचा मोह होतो: बाकी १ आली, म्हणजे न मूळ. आपली संख्या ही चाचणी आरामात उत्तीर्ण होते! न−१ म्हणजे २^३२. त्याला ६४ ने भाग जातो आणि २^६४ ची बाकी १ आहेच. फर्माच्या रांगेतली प्रत्येक संख्या अशीच उत्तीर्ण होते, मूळ असो वा नसो. पाया २ या रांगेला कधीच पकडू शकत नाही.

पाया ३ घेतला की मात्र चित्र पालटतं. ६४१ च्या बाजूने बघू. ३ पासून सुरू करून दर वेळी वर्ग करा आणि ६४१ ने भागून बाकी घ्या:

३, ९, ८१, १५१, ३६६, ६२८, १६९, ३५७, ५३१, ५६२, ४७२, ३५७, …

३५७ पुन्हा आला, आता याच चार बाक्या अखेरपर्यंत फिरत राहणार. १ कधीच येणार नाही. म्हणून ३^(२^३२) ची बाकी १ असूच शकत नाही आणि संख्या मूळ नाही.

अर्थात इथे मी ६४१ आधीच माहीत आहे असं धरलं. ते माहीत नसतानाही चाचणी करता येते: बाक्या थेट ४२९४९६७२९७ ने घ्यायच्या. १८७७ मध्ये पेपांने तिला नेमकं रूप दिलं. ३ चे लागोपाठ ३१ वर्ग करा, शेवटी बाकी −१ आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त. दहा अंकी संख्यांचे ३१ वर्ग म्हणजे कष्टाचं काम, पण निश्चयी माणसाला जमण्याजोगं. एकही विभाजक हाती न लागता 'ही संयुक्त आहे' असं छातीठोक सांगता येतं, ही या चाचणीची खरी ताकद.

---

सुसमभुज

भूमितीची बाजू अजून कुणी मांडली नाही, म्हणून मी.

आपल्या संख्येपेक्षा दोनने लहान संख्या घ्या: ४२९४९६७२९५. ही २^३२−१. तिचे अवयव:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७

म्हणजे फर्माच्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार. (प्रत्येक फर्मा संख्या ही तिच्या आधीच्या सगळ्यांच्या गुणाकारापेक्षा नेमकी २ ने मोठी असते. म्हणून त्यांच्यात एकही सामाईक विभाजक नसतो.)

गाउसने १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पट्टी आणि कंपासने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे सिद्ध केलं. पुढे पूर्ण नियम हाती आला: बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असायला हवी. असं असेल तर जमतं हे गाउसने दाखवलं, नसेल तर जमत नाही हे वान्टझेलने १८३७ मध्ये. फर्मा मूळ संख्या आजवर पाचच सापडल्या आहेत, त्यामुळे असे ज्ञात विषम बहुभुज ३१ होतात. त्यांतला सर्वांत मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा. आपली संख्या मूळ निघाली असती तर ती यादी एका फटक्यात दुपटीहून मोठी झाली असती.

हे ३१ आकडे पास्कलच्या त्रिकोणात ओळीने लिहिलेले सापडतात. त्रिकोणातल्या विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीने वाचा:

१ → १
११ → ३
१०१ → ५
११११ → १५
१०००१ → १७
११००११ → ५१

पहिली ओळ सोडली तर पुढच्या ३१ ओळी म्हणजे नेमके ते ३१ बहुभुज, चढत्या क्रमाने. बत्तिसाव्या ओळीत बत्तीस एक येतात: ४२९४९६७२९५. तेहेतिसाव्या ओळीत दोन टोकांना १ आणि मध्ये एकतीस शून्यं: ४२९४९६७२९७. यादी तिथेच थांबते, कारण त्या ओळीतली संख्या मूळ नाही.

---

नेटका_हिशेब

इतकी चर्चा वाचून आनंद झाला, पण एक प्रामाणिक प्रश्न आहे. आजचा फोनसुद्धा ही संख्या क्षणात फोडतो. मग या वाटांचा अभ्यास आज कशासाठी करायचा? उत्तर हवंय म्हणून विचारतो, वाद म्हणून नाही.

---

शेषबाकी

@नेटका_हिशेब, प्रश्न रास्त आहे. फोन फोडतो ती फ(५). या रांगेत पुढची संख्या जवळजवळ दुप्पट अंकांची असते. फ(६) वीस अंकी, ती लांद्रीने १८८० मध्ये फोडली, तेव्हा तो ऐंशी ओलांडलेला होता. त्याआधी क्लाउसेनने १८५५ मध्ये गाउसला लिहिलेल्या पत्रात ते अवयव दिले होते. फ(७) ला ३९ अंक आहेत. तिचे अवयव मिळायला १९७० उजाडलं आणि मॉरिसन व ब्रिलहार्ट यांना नवी पद्धतच उभी करावी लागली. फ(८) ब्रेंट आणि पोलार्ड यांनी १९८० मध्ये फोडली. फ(९) ला १५५ अंक, ती १९९० मध्ये फुटली. फ(१२) चे काही अवयव माहीत आहेत, पण ती पूर्ण फुटलेली नाही. आणि फ(२०), फ(२४) यांची अवस्था तर विलक्षण: त्या संयुक्त आहेत हे @घातांकी यांनी सांगितलेल्या पेपांच्या चाचणीने सिद्ध झालंय, पण त्यांचा एकही विभाजक कुणाच्या हाती नाही.

या पुढच्या संख्यांसमोर वेगवान यंत्र एकटं पुरत नाही. विभाजक कोणत्या रूपाचा असेल, वर्गांच्या जोड्या कशा जुळतील, हेच प्रश्न तिथेही विचारावे लागतात. फ(५) वर ते प्रश्न हाताने सोडवता येतात, म्हणून मी तिच्यापासून सुरुवात करतो.

---

आठवेओठी

झेराह कोलबर्नची गोष्ट इथे हवीच. १८०४ साली जन्मलेला अमेरिकन मुलगा, तोंडी हिशेबासाठी प्रसिद्ध. लहानपणी त्याला लंडनला नेलं होतं, तिथे ४२९४९६७२९७ मूळ आहे का असं विचारल्यावर त्याने ६४१ × ६७००४१७ हे अवयव मनातल्या मनात सांगितले, अशी नोंद आहे. या धाग्यातली १२८ ची वाट वाचल्यावर मला ती गोष्ट अशक्य वाटत नाही.

---

घातांकी

@नेटका_हिशेब, शेषबाकी यांच्या उत्तराला माझी जोड. फर्माचा हा अंदाज चुकला म्हणूनच जमलेली एक सुंदर सिद्धता आहे.

प्रश्न असा: एखादी विषम संख्या क अशी आहे का, की क × २^न + १ ही संख्या न काहीही घेतला तरी संयुक्तच येते? सिएरपिन्स्कीने १९६० मध्ये दाखवलं की अशा क अगणित आहेत. सिद्धतेत वापरलेल्या मूळ संख्या सातच: ३, ५, १७, २५७, ६५५३७, ६४१ आणि ६७००४१७. पाच फर्मा मूळ संख्या आणि आपल्या संख्येचे दोन अवयव!

क असा निवडा की पहिल्या सहांपैकी प्रत्येकीने भागल्यावर बाकी १ यावी आणि ६७००४१७ ने भागल्यावर −१. (सातही मूळ संख्या वेगळ्या, म्हणून असा क मिळतोच. त्यात विषम आणि हवा तेवढा मोठाही निवडता येतो.) आता न मध्ये २ किती वेळा गुणलेला आहे ते बघा.

एकदाही नसेल तर ३ ने भाग जातो. एकदा असेल तर ५ ने, दोनदा असेल तर १७ ने, तीनदा असेल तर २५७ ने, चारदा असेल तर ६५५३७ ने. पाचदा असेल तर ६४१ ने. आणि सहा किंवा जास्त वेळा असेल तर न ही ६४ ची पट. मग २^न ला ६७००४१७ ने भागल्यावर बाकी १, क ची −१, दोन्हींचा गुणाकार −१, त्यात १ मिळवला की ०. एकही न सुटत नाही.

फ(५) मूळ असती तर पाचव्या पायरीवर ती एकटीच खर्ची पडली असती आणि उरलेले सगळे न मोकळे सुटले असते. ती दोन वेगळ्या अवयवांत फुटते, एक अवयव पाचवी पायरी सांभाळतो आणि दुसरा पुढचं सगळं. १९६२ मध्ये सेल्फ्रिजने वेगळ्या मूळ संख्या वापरून ७८५५७ हा बराच लहान क दिला, पण माझं मन सिएरपिन्स्कीच्या सिद्धतेत जास्त रमतं.

---

नेटका_हिशेब

दोघांचेही मनापासून आभार. 'दुसरा अवयव पुढचं सगळं सांभाळतो' हे वाचून कागद घेऊन बसलो आणि न = १ पासून ६४ पर्यंत प्रत्येक न कोणाच्या वाट्याला जातो ते लिहून काढलं. ३२ एकटा ६४१ कडे जातो, ६४ एकटा ६७००४१७ कडे. बाकीचे सगळे पहिल्या पाचांत वाटले जातात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त तर ३ च्याच वाट्याला.

---

वर्गमूळकर

पुढची पायरी कुणी चढली नाही म्हणून फ(६) वर हात चालवला. लांद्रीचे अवयव २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. तिथे २५६क+१ ची अट लागते आणि लहान अवयवासाठी क येतो १०७१. फ(५) साठी तो फक्त ५ होता. ऑयलरने फ(६) का फोडली नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे असं मला वाटतं.

दोन वर्गांची बेरीज इथेही जुळते:

२७४१७७ = ५१६² + ८९²
६७२८०४२१३१०७२१ = ८०८३१११² + १३९४१८०²

ब्रह्मगुप्ताच्या नियमात घाला:

५१६ × ८०८३१११ + ८९ × १३९४१८० = ४२९४९६७२९६
५१६ × १३९४१८० − ८९ × ८०८३१११ = ७१९३९६८८० − ७१९३९६८७९ = १

पहिल्या ओळीत २^३२ आला, म्हणजे फ(६) = ४२९४९६७२९६² + १². चिन्हं उलटी करून दुसरी रीत काढली:

४०४६८०३२५६² + १४३८७९३७५९²

आता @पाटीपेन्सिल, वजाबाक्या आणि मसावि तुमच्याकडे. या दोन रीतींवरून २७४१७७ परत मिळवून दाखवा, पायऱ्या इथेच लिहा.